केकच्या पानाची मागची बाजू

संपत गेल्याची बातमी पांढरकवड्याच्या बाजारात तुळशीरामकाकांनी दिली आणि मला आधी संशयच आला. आमच्या वस्तीत काकांचं नाक सर्वांत तिखट. माणूस खरंच मेलाय की नुसता पडून आहे, हे ते हुंगून सांगतील. पण त्यांचे डोळे भरले होते... मी पिशवी तिथेच टाकून निघालो. त्यालाही आता महिना झाला.

संपत केळापूरकडच्या एका इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. बदली झाली तेव्हा साहेबाने त्याला एक इंग्रजी पुस्तक दिलं. अर्ध्यात वेगवेगळ्या प्रकारची दारू एकत्र मिसळायच्या कृती, अर्ध्यात घरच्या घरी केक-बिस्किटं. संपतला इंग्रजी येत नव्हतं. वाचून दाखवायला शाळामास्तर मी. साहेबाच्या पेल्याची चव पाहता पाहता तो स्वतःच बुडत चालला होता. बायको रुक्माबाई कितीदा तरी त्याला बंगल्याच्या फाटकातून हाताला धरून घरी आणायची. छप्पननंतर आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणताना अर्ध्या वस्तीचे डोळे संपतवर होते!

त्याने सगळ्यांसमोर दारूची पानं फाडून चुलीत घातली. एकच पान राहिलं, कारण त्याच्या मागे केक सुरू होत होता. पत्र्याच्या डब्याखाली निखारे, झाकणावर निखारे. वास पार रस्त्यापर्यंत. पण संशय काही जळला नाही. लिंबाचं सरबतही तो जुन्या सवयीने बाटलीत घालून कानाजवळ खळखळ हलवायचा, आणि काका पेला हुंगल्याशिवाय तोंडाला लावत नसत. हुंगायचो मीही, पण केकच्या दिशेने.

एकदा चारचौघांत काकांनी विचारलंच, "केक तर पाठ हाये ना तुले? मंग ते पान कायले ठेवलं?"

"मी मराठीत उतरवून देतो," मी मध्ये पडलो.

"नको, गुरुजी."

"पाहा! नको म्हंते!" काका उठलेच. "याचं शील खोटं हाये. उद्यापासून वंदनेले येऊ नको."

रुक्माबाईने केकची ताटली खाली ठेवली. संपत हळूच म्हणाला, "काका, बाकीचे पानं जाळले, ते सोपं होतं. हे रोज हातात घेतो न् पलटवत नाही. तेच माहं शील."

"कोन पाहाले आलं?"

संपतने मैद्याची खळ शिजवली आणि पान चुलीवरच्या भिंतीला चिकटवलं. केक बाहेर, दारू भिंतीकडे. "घ्या, आता भिंत राखनदार."

पुढे कित्येक वर्षं काका केक खायला येत आणि आधी पानाचे कोपरे तपासत.

परवा आम्ही दोघं रुक्माबाईला भेटायला गेलो. स्वयंपाकघरात शिरताच काकांची नजर भिंतीवर... एक कोपरा सुटला होता. काकांचं बोट त्याच्या खाली गेलं. खरं सांगतो, मीही मान वाकडी केली.

"पाहा ना, काका," रुक्माबाई म्हणाली. "आता कोन अडवते?"

काकांनी बोट काढून घेतलं. मग कोपरा तळव्याने दाबून धरत त्यांनी विचारलं, "बाई, घरात मैदा हाये का थोडा?"