वळण दिसेल अशी जागा

मानवतच्या जिनिंगच्या आवारात हमालांनी कापसाच्या गठाणी पायऱ्यांसारख्या रचल्या होत्या. गावातल्या दोन मोटारमालकांनी पैज लावली होती. जिनिंगपासून बाजारपेठेतून निघायचं, वेशीला वळसा घालून परत यायचं, अशा तीन फेऱ्या. खालच्या गठाणींवर कनात बांधून सावली केली होती. ती जागा तहसीलदारसाहेबांची आणि मालकांच्या घरच्या बायकांची.

"नागू, इकडं ये," त्यातले एक मालक किशनराव, त्यांच्या सुमनबाईंनी हाक मारली. "शर्यत इथंच संपनार हाय. नवरा जिंकताना समोरून दिसंल."

गुरुसिद्धप्पा किशनरावांची मोटार चालवायचा. जिंकला तर मालकांची नवी मोटार त्याच्या हाती येणार होती. पण नागुबाई वरच्या ओळीकडं चढली.

"अगं बाई, उन्हात? गोरी होयाला चाललीस का?" बायका हसल्या.

वरून वेशीजवळचं वळण दिसायचं. वळणावरच तिचं घर होतं, आणि रस्त्याच्या पलीकडं बिनकठड्याची बारव. रोज सर्विसची मोटार तिथं आली की ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असायची. गुरुसिद्धप्पा वेग कमी करून चालत्या मोटारीतूनच तांब्या घ्यायचा. लग्नापासूनची रीत.

आदल्या संध्याकाळी तोच म्हणाला होता, "तू दिसलीस की पाय आपसूक ब्रेकवर जातो. उद्या दारात नको थांबू."

"आन् पाय गेला न्हाई तर?"

"तर जिंकीन."

पहिल्या फेरीत त्याची मोटार वळणावर आली तेव्हा धुरळ्यातून नुसता टप दिसला. तो बारवेकडं कलला, सावरला. पुढं दुसऱ्या मालकाच्या ड्रायव्हरची, भुजंगची मोटार होती. खाली माणसं ओरडत होती. नागुबाईनं पदराखालचं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं.

दुसऱ्या फेरीत त्याचं मागचं चाक बारवेच्या काठावरून गेलं. काठाचा एक दगड सुटून आत पडला. आवाज एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं, तरी तिला तो ऐकू आला. आता गुरुसिद्धप्पा पुढं होता. सुमनबाई टाळ्या पिटत होत्या.

नागुबाई उठली.

"अगं, आता कुठं? शेवटची फेरी हाय!"

ती गठाणींवरून घसरतच उतरली आणि मधल्या बोळातून धावली. दाराला कडी होती. तांब्या घ्यायला वेळ नव्हता. ती उंबऱ्याबाहेर रिकाम्या हातांनी उभी राहिली. मोटारीचा आवाज वाढत आला, आणि मग एकाएकी उतरला. टायरं करकरली. त्या क्षणी तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं. इतका राग तिनं त्याच्या तोंडावर आधी कधी पाहिला नव्हता. मोटार हळू झाली, सुटलेल्या दगडाची जागा टाळून वळली. शेजारून भुजंग निघून गेला.

किशनरावांनी नवी मोटार दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दिली.

"का उतरलीस?" रात्री त्यानं एवढंच विचारलं.

"तुमाला दिसावं म्हनून."

तो कूस बदलून झोपला.

सकाळी जुनीच मोटार वेशीकडून आली. नागुबाई तांब्या घेऊन दारात उभी होती. मोटारीचा वेग कमी झाला. गुरुसिद्धप्पा समोरच बघत होता. त्यानं मान वळवली नाही, पण हात बाहेर काढला.