उभ्या गाडीचा खर्च

आमची गाडी आमच्या घरी राहत नाही. आमची गल्ली नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला आहे आणि तिच्यातून एका वेळी एक हातगाडी किंवा एक गाय जाते. दोन्ही समोरासमोर आल्या तर हातगाडीवाला मागे सरकतो. त्यामुळे गाडी घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या एका मंगल कार्यालयाच्या अंगणात उभी असते. महिन्याचं भाडं पंधराशे. आमच्या लग्नाच्या वेळी दोन खोल्यांचं भाडं याहून कमी होतं, आणि त्यात नळ होता.

मंगल कार्यालयाच्या मालकाची एकच अट आहे. लग्नतिथीच्या दिवशी अंगण रिकामं पाहिजे. त्या दिवशी तिथे नवरदेवाच्या मामाची गाडी उभी राहते. अट रास्त आहे, कारण कार्यालय लग्नासाठी बांधलेलं आहे, माझ्यासाठी नाही. पण गाडी तिथे ठेवू लागल्यापासून दिवाळी उलटली की मी पंचांग घेऊन बसतो. लग्नतिथींकडे माझ्याइतकं लक्ष उपवर मुलीच्या बापाचंही नसेल. तिथीच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी काढतो आणि अमरावती रोडने वाडीला नेतो. तिथे माझ्या मावसभावाचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. दोन ट्रकांच्या मधे गाडी लावायची आणि शहर बसने परत यायचं. लग्न लागलं की पुन्हा बसने वाडी, आणि गाडी घेऊन इतवारी. अशा वर्षाला पंचवीस-एक तिथी निघतात. म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटर गाडी फक्त उभं राहायला जाते.

मी एका ठोक भांड्यांच्या दुकानात हिशेब पाहतो. दुकान घरापासून पायी जवळ आहे, म्हणजे कामासाठी मला गाडी लागत नाही. भाजीला लागत नाही, कारण भाजीबाजारात ती लावणार कुठे? लग्नाला जावं तर तिथलं अंगण आधीच भरलेलं असतं. गाडी घेतली ती एकाच कारणासाठी. माझ्या सासूबाई पारशिवनीच्या पुढे एका खेड्यात राहतात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे. मेव्हणा शेती पाहतो, घरात माणसं आहेत, काळजी करावी असं काही नाही. पण माझ्या बायकोला दर रविवारी आईजवळ जायचं असतं. पूर्वी ती बसने जायची. मग तिचे गुडघे गेले. बसची पहिली पायरी तिला चढवेना, आणि फाट्यावर उतरून पुढचं चालणं तर नाहीच. दोन महिने ती गेली नाही. तक्रारही केली नाही, फक्त रविवारी सकाळी लवकर उठून तयार होऊन बसायची आणि नंतर भांडी घासायला घ्यायची. तिसऱ्या महिन्यात मी गाडी घेतली. सात लाख वीस हजार, त्यातले पाच लाख कर्जाचे.

सासरचा रविवार कसा असतो ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही अकराला पोचतो. सासूबाई जेवायला वाढतात. गोळाभात किंवा पातोडीची भाजी असते आणि त्या वेळी त्या बोलत नाहीत, नुसत्या वाढतात. मग त्या झोपतात. उठल्यावर चहा होतो. चहानंतर त्या तेलाची बाटली घेऊन ओसरीवर येतात, माझ्या बायकोला पुढ्यात बसवतात, तिचा आंबाडा सोडतात आणि तेल घालायला लागतात. बायकोचं वय बावन्न आहे. तेव्हा कुठे त्यांचं बोलणं सुरू होतं. कोणाचं काय झालं, वडील काय म्हणत असत, कोणाला काय सांगायचं राहून गेलं, सगळं त्या तासाभरात. मी अंगणात बाजेवर पडून असतो. मला ऐकू येतं, पण माझ्यासाठी ते नसतं. पाचला आम्ही निघतो.

गाडीला तीन वर्षं झाली तेव्हा एका शनिवारी मी खर्चाची बेरीज केली. आधी का केली नाही, याचं कारण बेरीज काय येईल याचा मला अंदाज होता. दहा वर्षांनी गाडी एक लाख वीस हजारांना जाईल असं धरलं तर किमतीतली घट वर्षाला साठ हजार. कर्जाचं व्याज दहा वर्षांवर वाटलं तर बारा. विमा अठरा, जागेचं भाडं अठरा. धुणाऱ्याचे सहा. सर्व्हिसिंग नऊ, गाडी चालो न चालो. टायर, बॅटरी आणि इतवारीतल्या हातगाड्यांनी काढलेल्या रेघोट्या मिळून सात. झाले एक लाख तीस हजार. हे नुसती उभी ठेवायचे. दिवसाला तीनशे छप्पन रुपये, तासाला पंधराला सोळा पैसे कमी. त्यावर पेट्रोल आणि टोलचे चाळीस हजार. आमची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरला चौतीस रुपये. त्यातले वाडीचे किलोमीटर कोणाच्याही उपयोगाचे नाहीत.

मग मी टॅक्सीवाल्याला विचारलं. जाऊन-येऊन दोन हजार, त्यात दोन तास थांबणं धरलेलं. पुढे प्रत्येक तासाचे दीडशे. सहा तास थांबला तरी सव्वीसशे. आमच्या गाडीने तीच फेरी तीन हजार साठला पडते. वर्षातले सहा रविवार चुकतात हे धरून, शहरातलं किरकोळ जाणं-येणं ऑटोने केलं तरी वर्षाला सेहेचाळीस हजार वाचत होते. मी हे बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबरच असते. म्हणून तर तुमच्याशी बोलाले मजा येत नाही."

"मग विकायची?"

"विका ना. मले गाडी नाही पाहिजे. मले रविवार पाहिजे."

"रविवार आहेच. फक्त गाडी दुसऱ्याची राहील."

"अन् वाडीले कोण जाईल मंग? त्या ट्रकाइले करमणार नाही तुमच्याशिवाय."

मावसभावाने वाडीतच एक गिऱ्हाईक पाहून दिलं. गोदामात गाडी पाहून पाहून ती त्याच्या नजरेत भरली होती. त्याने चार लाख ऐंशी हजार सांगितले. मी महिनाभराची मुदत मागितली, कारण कोणतीही व्यवस्था मोडण्याआधी नवी चालवून पाहावी असं माझं मत आहे. चार रविवार टॅक्सीने जायचं ठरलं.

पहिल्या रविवारचा टॅक्सीवाला माझ्याच वयाचा, शांत माणूस होता. आम्ही पोचलो, आत गेलो, आणि तो गाडीतच बसून राहिला. सासूबाईंनी हे दारातून पाहिलं. त्यांच्या दारात आलेला माणूस बाहेर बसून राहिल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही. वीजबिल द्यायला येणाराही तिथे चहा पिऊन जातो.

"काहून गा, बाहीर काहून बसला? ये आत, हातपाय धू."

तो आला. त्याला माझ्या शेजारचं पान वाढलं गेलं. तो जेवत असताना सासूबाईंनी मला विचारलं, "हे भाऊ इथंच थांबन काय पाच वाजेलोक?"

"हो. थांबायचं ठरलं आहे."

"अन् त्याचे काही लागते काय?"

इथे मी उत्तर दिलं. विचारलेल्या आकड्याचं उत्तर द्यायचं ही माझी तीस वर्षांची सवय आहे, दुकानात त्यासाठीच मला पगार मिळतो. मी म्हणालो, "दोन तास फुकट. पुढे तासाचे दीडशे."

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "नुसत्या बसाचे?"

"नुसत्या बसायचे."

त्या दिवशी त्या झोपल्या नाहीत. जेवण झाल्याबरोबर चुलीवर चहा चढला. बायको म्हणाली, "माय, आत्ताच तं जेवलो वं." सासूबाई म्हणाल्या, "पिऊन घे. उशीर होऊन राहिला." साडेबारा वाजले होते. दोन तासांतली काही मिनिटं शिल्लक असतानाच आम्ही गाडीत बसलो होतो. मला जास्तीचं काही द्यावं लागलं नाही. टॅक्सीवाल्याने मोकळेपणाने सांगितलं, "आजी, होऊ द्या आरामात. मले काही घाई नाही." तर त्या म्हणाल्या, "तुले नाही बापू, पण जवाईबापूचे पैसे जाऊन राहिले ना."

हिशेबाने पाहिलं तर पहिल्याच रविवारी अंदाजापेक्षा सहाशे रुपये जास्त वाचले. मी ते बायकोला सांगितलं नाही.

दुसऱ्या रविवारी सासूबाई उंबरठ्याशी उभ्याच होत्या. पानं वाढून तयार, टॅक्सीवाल्याचं धरून. आम्ही हात धुतले की त्या वाढणार, अशी तयारी. जेवताना त्या दोनदा बाहेर जाऊन सूर्याकडे पाहून आल्या. तेल लावण्याचा विषय निघाला नाही. निघताना त्यांनी बायकोच्या हातात उरलेल्या भाजीचा डबा दिला आणि त्याच्यावर तेलाची बाटली ठेवली.

"घरी लावून घेजो."

बायको म्हणाली, "माय, मी बसतो ना जराशी. एक तास."

"तासाचे दीडशे लागते वं. निघा जवाईबापू, मीटर चालून राहिलं."

"मीटर नाही आई, तास आहेत," मी म्हणालो.

"तेच ते."

परतीच्या रस्त्यात बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. टॅक्सीवाल्याने पातोडीची तारीफ केली. नागपुरात शिरल्यावर ती एवढंच म्हणाली, "दीडशेच्या हिशेबात माय तुमच्यापेक्षा बी पक्की निघाली."

तिसऱ्या शनिवारी सासूबाईंचा फोन आला. त्या स्वतःहून फोन करत नाहीत, नातवाकडून लावून घेतात आणि दूर धरून मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"उद्या येऊ नका."

"काहून वं? बरं नाही काय?"

"मस्त आहो मी. पण दर ऐतवारी दोन हजार काहून घालता? त्या भाऊनं सांगतलं मले. तोंड तं पाहून झालं. आता दिवाळीले या. मी फोन लावाले सांगत जाईन पोट्ट्याले."

बायको "बरं" म्हणाली. फोन ठेवून तिने कपडे वाळत घातले. दुसऱ्या दिवशी ती सकाळी लवकर उठली, तयार झाली, खुर्चीवर बसली, आणि साडेदहाच्या सुमारास भांडी घासायला गेली. हे मी आधी पाहिलेलं होतं. टॅक्सीने आता शून्य खर्च येत होता. एवढी काटकसर माझ्या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

मी वाडीच्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "दहा हजार वाढवून देतो." मी म्हणालो, किमतीचा प्रश्न नाही. तो म्हणाला, मग कशाचा आहे? मी म्हणालो, घरच्यांचा विचार बदलला. असं लोक म्हणतात, आणि समोरचा पुढे विचारत नाही.

चौथ्या रविवारी आम्ही न कळवता गेलो, आमच्या गाडीने. गाडीचा आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं नाही. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं, टॅक्सीवाला कुठे आहे ते.

"भाऊ नाही आले आज?"

"नाही. आपलीच आणली."

"काहून आणली? म्या तं नाही म्हटलं होतं." मग गाडीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "हिचे किती लागते थांबाचे?"

बायको माझ्याकडे पाहत होती. मी शनिवारची बेरीज विसरलो नव्हतो. ती मला आजही तोंडपाठ आहे.

"काही नाही लागत, आई," मी म्हणालो. "घरची गाडी आहे. उभी राहिली की फुकट."

"दिवसभर उभी राहिली तरी?"

"तरी."

त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे, कारण लग्नातल्या आहेराची बेरीज चुकली होती ती मी पकडली होती. "मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. जेवायला पिठलं-भाकर होती, कारण त्यांची तयारी नव्हती. मग त्या झोपल्या. भरपूर झोपल्या. उठून चहा केला आणि बाटली घेऊन ओसरीवर आल्या. मी बाजेवर पडलो. आंबाडा सुटला, बोलणं सुरू झालं, आणि पाच वाजले तेव्हा ते कुठल्याशा चुलतबहिणीच्या सोयरिकीपर्यंतच पोचलं होतं. मी उठलो नाही. आम्ही निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते.

कन्हानचा पूल मागे पडल्यावर बायको म्हणाली, "उभी राहिली की फुकट?"

"फुकट."

"अन् ते दिवसाचे तीनशे छप्पन?"

"ते आपले. मायले काहून सांगाचे?"

तिच्या केसांच्या तेलाचा वास गाडीत भरला होता आणि सीटच्या मागच्या कापडावर डाग पडला होता. कव्हर धुवायचे धुणारा वेगळे घेतो.

"उद्या तिथी आहे ना?" ती म्हणाली.

होती. मी तिला मोठ्या रस्त्यावर ऑटोत बसवून दिलं आणि तसाच वाडीला गेलो. दोन ट्रकांच्या मधली जागा भरलेली होती, म्हणून गाडी मागच्या भिंतीशी लावली आणि बसची वाट पाहत उभा राहिलो.