राजा मोहिमेवर जातो ती पानं

नवऱ्याचे डोळे गेले ते आम्ही ठाण्यात बाळकुमला राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी. साखरेनं आधी नजर खाल्ली, मग ती किडन्यांकडे वळली. हृदय इतकं अशक्त की डायलिसिस झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. काही महिने, म्हणाले. त्या काही महिन्यांत मी त्यांना एक पुस्तक वाचून दाखवलं. त्याबद्दल कुणाशी बोलले नाही, म्हणून लिहिते आहे.

पुस्तक यांनीच आणलेलं. टेंभी नाक्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडे कुणा प्राध्यापकाच्या घरातली इंग्रजी पुस्तकं आली होती, त्यातलं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या दरबारांत ऐकवल्या जायच्या त्या प्रेमकथा. मूळच्या पद्यातल्या, पण इथे आताच्या साध्या इंग्रजी गद्यात आणलेल्या. हे आयुष्यभर डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगांच्या कारखान्यात इंजिनिअर. यांचं वाचन म्हणजे सकाळचा पेपर आणि पंपांची मॅन्युअल्स. "हे काय नवीन खूळ?" मी विचारलं होतं. "बघू तरी, म्हातारपणी प्रेमकथा कशा लागतात," म्हणाले. थोडी नजर होती तोवर भिंग घेऊन खिडकीशी बसायचे. पाच-दहा पानांपुढे गेले असतील असं मला वाटलं नव्हतं.

पूर्ण दिसेनासं झाल्यावर एकदा म्हणाले, "ते पुस्तक वाचून दाखव ना. पण मराठीतून सांग, इंग्रजी ऐकून आता दमायला होतं." मी तीस वर्षं डोंबिवलीच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. वाक्य डोळ्यांनी इंग्रजीत उचलायचं आणि तोंडातून मराठीत काढायचं, याची मला सवय होती. दुपारचा तीनचा चहा झाला की आम्ही बसायचो. हे पलंगावर उशांना टेकून, मी शेजारच्या खुर्चीत. प्रस्तावनेत लिहिलं होतं की या कथा मुळात एकानं वाचायच्या आणि बाकीच्यांनी ऐकायच्या अशाच होत्या. म्हणजे आमचं चाललं होतं ते रीतीला धरूनच होतं.

पहिल्या दोन कथा मजेत गेल्या. मला त्या सरदारांचा रागच यायचा. बाईनं एकदा मान वळवली की हा आठ दिवस अन्नाला शिवत नाही. तिनं झग्याची बाही काढून दिली की ती भाल्याला बांधतो आणि दहा जणांची डोकी फोडून येतो. "आणि याचे कपडे कोण धुतं ते कुठेच लिहिलेलं नाही," मी म्हणायची. हे हसायचे. हसलं की धाप लागायची, म्हणून पुढे पुढे मी असलं बोलणं आवरतं घेतलं. कवी मध्येच गोष्ट थांबवून प्रेम म्हणजे काय यावर तीन-तीन पानं व्याख्यान द्यायचा. ती मी सरळ गाळायची. "कवी घसरला का पुन्हा?" हे विचारायचे, आणि आम्ही पुढच्या लढाईवर जायचो.

तिसरी कथा सगळ्यात मोठी. राजा, राणी आणि राजाचा जिवलग सरदार. राजा दूर मोहिमेवर निघतो. निघताना सरदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, तू माझ्याबरोबर येऊ नकोस, इथेच थांब, राणीला कुणाचा तरी आधार हवा. पुढचं पान मी नजरेनं चाळलं आणि वाचायची थांबले.

कारण छत्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच झालं होतं. डोंबिवलीत दोन खोल्यांचा ब्लॉक, मुलगी चार वर्षांची. कंपनीनं यांना गुजरातमधलं नवीन युनिट उभं करायला पाठवलं, आठ महिन्यांसाठी. त्याच कारखान्यात यांचा एक मित्र होता. एकटा राहायचा, दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. बॅग घेऊन जिन्यात उभं राहून हे त्याला म्हणाले, "घराकडे लक्ष असू दे रे." त्यानं लक्ष दिलं. गॅसचा सिलिंडर, मुलीचा ताप, रात्रभर टिपटिपणारा नळ, सगळं त्यानंच निस्तरलं. पुढचं आडपडदा न ठेवता लिहिते. माझं त्याच्यावर प्रेम बसलं, त्याचं माझ्यावर, आणि पाच महिने आम्ही नवराबायकोसारखे राहिलो. तेव्हा मला लाज वाटली नाही. नंतर वाटली, ती आजपर्यंत. हे परत येण्याआधी आम्ही थांबवलं. त्यानं नोकरी सोडली, दक्षिणेकडे कुठेतरी गेला आणि दहा वर्षांपूर्वी वारला. ती बातमीही मला यांनीच दिली.

यांनी मला कधी काही विचारलं नाही. मित्राचा विषय निघाला तर "चांगला होता" म्हणायचे आणि पानातली भाजी संपवायचे. यांना माहीत आहे की नाही, हे मी छत्तीस वर्षं यांच्या चेहऱ्यावर शोधत आले. कधी वाटायचं, नक्की माहीत आहे. कधी वाटायचं, या भोळ्या माणसाच्या ध्यानीमनीही नसेल. आता दिवस थोडे राहिले होते. सांगायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसताना मी ठरवायची, आज सांगायचं. पाठ पुसून व्हायची, सदरा घालून व्हायचा, आणि मी पातेल्यात तांदूळ धुवायला जायची.

त्या दुपारी पान समोर होतं आणि हे वाट बघत होते.

"मग? निघाला का राजा?"

"निघाला," मी म्हटलं. "आणि सरदारालाही बरोबर घेऊन गेला."

मी सुटले असं मला वाटलं. पण त्या एका वाक्यानं पुढच्या सगळ्या गोष्टीचं कंबरडं मोडलं, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. पुस्तकात सरदार सतत राजवाड्यात, आणि मी त्याला धाडलेला मोहिमेवर. पुस्तकात राणी बागेत त्याला भेटायची, माझ्या मराठीत ती एकटीच फुलं वेचत बसायची. पुस्तकातले चुगलखोर दरबारी राजाला पत्र पाठवतात. पत्र तर मला ठेवावं लागलं, पण त्यात लिहायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी राज्यात दुष्काळ पडल्याचं कळवलं. राणीला एक म्हातारी मावशी दिली, मावशीला आजार दिला. वर्गात एखादा धडा तयार न करता गेले तरी मी कधी अडखळले नव्हते. इथे मात्र जीव मुठीत धरून वाक्यं जुळवत होते, आणि संध्याकाळी कालचं काय सांगितलं होतं ते आठवत बसायची.

एकदा भान सुटलं आणि पुस्तकातलं वाक्य तसंच तोंडून गेलं. सरदार जिना उतरून अंगणात आला.

"तो राजाबरोबर गेला होता ना?" यांनी विचारलं.

"परत आला."

"इतक्यात?"

"घोडा चांगला होता."

"असेल," हे म्हणाले. त्यांचा चेहरा छताकडे होता. मी खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले, पण त्यावर मला काही वाचता आलं नाही.

असे पंधरा दिवस गेले. मुलगी कल्याणला राहते, दर रविवारी येते. त्या रविवारी जेवणं झाल्यावर म्हणाली, "आई, तू जरा पड. आज मी वाचते बाबांना." मला नको म्हणायला कारण सुचलं नाही. मी पडले नाही, स्वयंपाकघरात जाऊन दुधी किसायला घेतला. तिथून खोलीतलं सगळं ऐकू येतं.

"कुठून वाचू, बाबा?"

"राजा मोहिमेवर निघतो ना, तिथून."

"पण खूण तर खूप पुढे आहे."

"असू दे. तिथूनच वाच."

मुलीला गाळायचं काही कारण नव्हतं. तिनं सगळं वाचलं. राजा सरदाराच्या खांद्यावर हात ठेवतो ते, पहिल्या आठवड्यातला दोघांचा अवघडलेपणा, बाग, जिना, राणीच्या दाराची आतून लावलेली कडी. तिच्या त्या अर्ध्या इंग्रजी मराठीत ते फारच उघडं वाटत होतं. मध्येच थांबून ती हसली. "अहो बाबा, किती ऑब्व्हियस आहे हे! हा राजा येडा आहे का? सरळ त्याच्याच हातात घर देऊन चाललाय."

"येडा नाही गं," हे म्हणाले. "त्याचा विश्वास होता."

"कोणावर? सरदारावर?"

"दोघांवर."

मी गॅस बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. मुलगी तासभर वाचत होती. निघताना चपला घालत मला म्हणाली, "भारी गोष्ट आहे गं. तू बोललीच नाहीस." मी तिच्या हातात दुधीच्या हलव्याचा डबा दिला आणि लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट खाली गेल्यावरही बराच वेळ तिथेच उभी होते, कारण घरात जायचं धैर्य होत नव्हतं.

सोमवारी तीन वाजता मी पुस्तक घेऊन खुर्चीत बसले. हे म्हणाले, "आज वाचू नकोस. नुसती बस."

मी बसले.

"ते पुस्तक माझं दोनदा वाचून झालंय," म्हणाले. "नजर होती तेव्हाच. भिंगानं वाचलं, पण पूर्ण वाचलं."

"मग माझ्याकडून कशाला वाचून घेतलंत?"

म्हणाले, "त्या पानावर आलीस की तू काय करतेस, ते ऐकायचं होतं."

मला आधी राग आला. अगदी मस्तकात गेला. पंधरा दिवस मी घाम फुटेस्तोवर मावश्या आणि दुष्काळ रचत होते, आणि हा माणूस सगळं माहीत असून ऐकत पडला होता. छत्तीस वर्षं माहीत असून गप्प होता. माझ्या मनात आलं, यानं मला कधी शिक्षा केली नाही असं मी समजत होते, मग हे गप्प राहणं म्हणजे शिक्षाच नव्हती का? मग त्यांचा हात दिसला. चादरीवर, माझ्या बाजूला, तळवा वर करून ठेवलेला. सुजलेला, सुयांच्या जागी काळानिळा झालेला.

"मी चिडलेलो नाही गं," हे म्हणाले. "ते केव्हाच गेलं. तू एकदा सांगितलंस तर बरं वाटेल, एवढंच."

याहून सोपं कुणी कुणासाठी करून ठेवत नाही. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. बाकीचं त्यांनीच सांभाळून घेतलं असतं, जसं त्यांनी सगळंच सांभाळून घेतलं. मी तोंड उघडलं आणि माझा वर्गातला आवाज बाहेर आला. "काय सांगायचं? सांगण्यासारखं काही नाहीच. पानं कंटाळवाणी होती म्हणून गाळली."

"बरं," हे म्हणाले. हात उचलून त्यांनी स्वतःच्या पोटावर ठेवला.

मी भ्याले. एकोणसत्तर वर्षांची बाई, अंथरुणाला खिळलेल्या, डोळे गेलेल्या माणसाला भ्याले. तेही त्यांनी चिडलेलो नाही असं सांगितल्यावर. खरं तर त्यांना नाही, स्वतःच्याच तोंडून ते ऐकायला भ्याले असेन. त्या रात्री मला एक युक्ती सुचली. उद्या ते पान काढायचं आणि एकही शब्द न गाळता, राणीच्या दारासकट, जसंच्या तसं मराठीत वाचायचं. वेगळं काही बोलायला लागणार नाही, आणि त्यांना कळेल. एवढं मला जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर पान उघडून बसले. "वाचू का?" विचारलं.

"नको," हे म्हणाले. "तुला त्रास होतो."

त्यानंतर अकरा दिवस होते. मी रोज तीन वाजता त्या खुर्चीत बसले. औषधं दिली, पाय चेपले, मुलीला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला, खाडीकडून वारा आला की खिडकी ओढून घेतली. आम्ही हवेबद्दल बोललो, सोसायटीच्या पाण्याबद्दल बोललो, नातवाच्या परीक्षेबद्दल बोललो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी ते गेले. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी माफही केलं होतं, आणि तरी मी त्यांना नाही म्हणाले.