दापोऱ्याची पहिली आली

नववीत जाईपर्यंत दुसरा नंबर कसा असतो हे मला माहीत नव्हतं. बऱ्हाणपुरातल्या आमच्या मराठी शाळेत पाचवीपासून दरवर्षी मीच पहिली यायचे. वडील कचेरीत कारकून होते. निकालाच्या दिवशी ते मुद्दाम लांबच्या रस्त्याने कामावर जायचे आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून माझा नंबर सांगायचे.

नवं राज्य झालं, आमचं गाव हिंदी मुलखात राहिलं आणि थोड्याच दिवसांत सरकारने मराठी शाळा आणि हिंदी शाळा एक केल्या. नववीपासून सगळे एकाच इमारतीत, मुलं-मुली एकाच वर्गात. बाजारातल्या दुकानदारांची मुलं, मास्तरांच्या मुली, खेड्यावरून आलेले, सगळे एका बाकावर. गणित आणि विज्ञान हिंदीत, आणि हिंदीवाल्यांना मराठीचा एक विषय. काटकोन म्हणणाऱ्या आम्हाला समकोण ऐकलं की क्षणभर थांबावं लागे, तोवर मास्तर पुढे गेलेले असत. मराठीवाल्यांचे गुण घसरले, माझेही. पण मी मनात धरून चालले होते की मागे पडलेच तर एखाद्या हिंदीवाल्या मुलाच्या मागे पडेन. ते मी सोसलं असतं.

तिमाहीला पहिली आली ती दापोऱ्याची एक मुलगी.

दापोरा हे जवळचं खेडं; तिथे तिच्या घरी केळीचा मळा होता. घरात मराठी, आमच्याकडच्या खेड्यांतली, मले-तुले करणारी, आणि गावातली शाळा हिंदी. त्यामुळे तिचं काही अडतच नव्हतं. हिंदीवाल्यांना मराठीचा धडा समजावून सांगायची आणि आम्हाला भूमिती. सगळे तिच्याभोवती गोळा होत. तिच्या पांढऱ्या पोलक्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असायचे. चीक एकदा लागला की धुऊन जात नाही. एकदा मी मैत्रिणीला कोपराने ढोसून ते डाग दाखवले आणि आम्ही हसलो. तिने पाहिलं.

"काहून हासता?" तिने विचारलं.

"काही नाही, असंच," मी म्हणाले.

ती परत वहीकडे वळली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

सहामाहीलाही तीच पहिली. घरी वडील निकालपत्र उलटसुलट करून बघत राहिले. "दापोऱ्याची?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते नेहमीच्या जवळच्या रस्त्याने कचेरीत गेले. मी दारात उभी राहून बघत होते, आणि त्यांच्यापेक्षा मला तिचाच राग येत होता.

जानेवारीत शिक्षण खात्याने शाळेकडून एक मोठा तक्ता मागवला. वर्गात कोण कोण आहे, राहतो कुठे, वडील काय करतात, घरी कोणती भाषा बोलतात आणि गुण किती. माझं अक्षर चांगलं, म्हणून वर्गमास्तरांनी तो मला लिहायला दिला. याच तक्त्यावरून जिल्ह्याच्या गावी नव्या वसतिगृहात खेड्यातल्या हुशार मुलींना जागा मिळणार आणि त्या तिथल्याच शाळेत शिकणार, हे मास्तरांनीच मला सांगितलं होतं.

तिच्या ओळीपाशी मी थांबले. पावसाळ्यापासून ती आठवड्यातले पाच-सहा दिवस बऱ्हाणपुरातच राजघाटाजवळ मावशीकडे राहायची. मी राहण्याच्या रकान्यात दापोरा लिहिलं नाही, बऱ्हाणपूर लिहिलं. खोटं नाहीच हे, असं मी स्वतःला म्हणाले.

महिन्याभराने यादी आली. आमच्या शाळेच्या वाट्याची एकच जागा खकनारकडच्या खेड्यातल्या एका मुलीला मिळाली. तिचे गुण माझ्याहूनही कमी होते. वर्गमास्तरांनी मला बोलावलं आणि तक्त्याच्या शाळेकडच्या प्रतीत पहिल्या आलेल्या मुलीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही तर दापोऱ्याची ना? बऱ्हाणपूर काय लिहिलं?"

"सर, ती राजघाटाला राहते. मावशीकडे."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हां, राहते तर खरी. मीच नीट सांगायला पाहिजे होतं," म्हणाले. चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. हातात कोरा कागद होता.

"हेडमास्तरांना अर्ज द्यायचा आहे. तू लिहून देशील का?"

नाही कसं म्हणणार? आम्ही व्हरांड्यात बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. राहण्याचं गाव दापोरा, तक्त्यात लिहिताना चूक झाली.

"कुणाकडून झाली, ते लिहायचं?" मी विचारलं.

"त्याची काय गरज आहे," ती म्हणाली. "चूक झाली, एवढं पुरे."

अर्ज गेला, पण यादी बदलली नाही. ती आमच्याच शाळेत राहिली. वार्षिक परीक्षेत ती पहिली, मी दुसरी. दहावीतही तसंच. मी तिला पाठवून द्यायची संधी स्वतःच्या हाताने घालवली होती, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

अकरावीचा शेवटचा पेपर झाल्यावर फाटकापाशी मी तिला गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, की ते मी मुद्दाम लिहिलं होतं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मास्तरांनी तक्ता दाखवला ना. अक्षर तुझं."

"मग अर्ज माझ्याकडूनच का लिहून घेतलास?"

"तुझं अक्षर हेडमास्तरांना आवडतं. काम व्हावं म्हणून." मग म्हणाली, "मी तिकडे गेली असती तर तू पहिली आली असती. येवढं पण सुचलं नाही का तुले?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. मावशीकडे सामान बांधायचं होतं, म्हणून निघाली.

पुढे ती घरून अभ्यास करून बी. ए. झाली आणि खकनारच्या शाळेत शिकवायला लागली. मीही शिक्षिका झाले, बऱ्हाणपुरातच. काही वर्षांनी कुणीतरी सांगितलं की ती तिथली मुख्याध्यापिका झाली. मी "अरे वा" म्हणाले, आणि घरी येऊन आमच्या शाळेतली सेवाज्येष्ठतेची यादी काढून माझा नंबर कितवा लागतो ते बघत बसले.