अल्फारेटाच्या लायब्ररीतलं माझं पहिलं मत

सध्या माझं पोस्टिंग अमेरिकेत, अल्फारेटाला, मुलीच्या घरी. सकाळी नातीला स्कूलबसपर्यंत सोडणं, कुंड्यांना पाणी, दुपारी इंग्रजीची प्रॅक्टिस. नववीत शाळा सोडून भरती झालेला माणूस मी. या देशाने परीक्षा घेऊन मला सिटिझन करून घेतलं, त्याचे उपकार मानतो.

निमलष्करी दलात सदतीस वर्षं काढली, पण मत कधी दिलं नाही. पोस्टल बॅलेट चौकीवर पोचायचं तेव्हा निकाल लागलेला असायचा. निवृत्तीनंतर गावच्या यादीत नाव चढायच्या आत मुलीने इकडे बोलावून घेतलं.

इथे मतदानाच्या दिवसाआधीच लायब्ररीत जाऊन मत देता येतं. चांगले दोन-तीन आठवडे सोय असते, घरापासून गाडीने पाच मिनिटं. तरी आमच्या सबडिव्हिजनमधले, म्हणजे कॉलनीतले, शिकलेले लोक जात नाहीत. व्हिसावाल्यांना हक्कच नाही, त्यांचं सोडा. मी सिटिझन झालेल्यांबद्दल बोलतोय. पॉटलकला, म्हणजे घरोघरून डबे आणून केलेल्या जेवणाला, हातात प्लेट घेऊन दोन-दोन देश चालवतात. मतदानाचं विचारलं की, "काका, लाइन असते यार. आणि एका मताने काय होतंय?" हेच लोक नव्या फोनसाठी उजाडायच्या आत दुकानासमोर उभे असतात. असल्यांना मी एक दिवससुद्धा सेंट्री ड्युटीला ठेवलं नसतं.

जावई निखिलराव निदान घेऊन गेले. मला आदल्या दिवसापासून धाकधूक. बोट चुकीच्या नावावर पडलं तर? मत बाद झालं तर? टेबलापाशी यादीत नावं तपासणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. मी लायसन्स पुढे केलं. तेवढ्यात निखिलराव, हातात कॉफी, त्यांना इंग्रजीत म्हणाले की यांना वाचता येत नाही, मी मदतनीस म्हणून आत जातो. मग मला मराठीत, "बाबा, तुम्ही फक्त उभे राहा. मी दोन मिनिटांत उरकून टाकतो. अकराला माझा कॉल आहे."

हे बोलणं मी आधी ऐकलेलं होतं.

ईशान्येकडच्या एका डोंगरी गावात आमचं आठ-दहा जवानांचं सेक्शन इलेक्शन ड्युटीवर होतं. बूथ शाळेत. सेक्शन कमांडर नायक मोहिते, साताऱ्याकडचा. त्यानेही कधी मत दिलेलं नव्हतं. म्हणायचा, "आपण बँडवाले. वरात आपण काढायची, पंगतीला दुसरे." दुपारी एक पुढारी पाच-सहा जणांना घेऊन आला. हसतमुख. म्हणाला, बायका अडाणी आहेत, उन्हात कशाला उभ्या करता, सगळ्यांचं आम्हीच उरकून टाकतो.

मोहिते म्हणाला, "जिसका वोट, वही डालेगा. लाइन में लगो."

पुढारी हसतच गेला. बायकांनी आपापली मतं दिली. संध्याकाळी मतपेट्या घेऊन परतताना दुसऱ्या वळणावर झाडीतून गोळ्यांचा फायर आला. मोहिते पुढच्या गाडीत होता, गोळी त्याला लागली. वायरलेस सेट माझ्याकडे.

"कंट्रोल, कॉन्टॅक्ट. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"पेटियाँ? ओव्हर."

"पेटियाँ सेफ. ओव्हर."

माणसाआधी पेट्या विचारल्या म्हणून मी कंट्रोलला पुष्कळ दिवस शिव्या घातल्या.

त्या पुढाऱ्याच्या मागे निदान बंदुका होत्या. आमच्या जावयाच्या मागे अकराचा कॉल.

"निखिलराव, तुम्ही बाहेर थांबा," मी म्हणालो.

"अहो बाबा, काहीतरी चुकेल."

"चुकलं तर माझं चुकेल."

बाईंना सांगितलं, "आय रीड. स्लो, बट आय रीड."

"टेक ऑल द टाइम यू नीड, सर," त्या म्हणाल्या. त्या बाईंचं भलं होवो.

स्क्रीनला चुकून स्पर्श होऊ नये म्हणून उजवा हात पाठीमागे धरला आणि एकेक नाव वाचलं. ज्यांची पदं पॉटलकवाल्यांना ठाऊकही नाहीत, त्यांचीसुद्धा. मग हात पुढे काढला. माझ्या मतांचा कागद छापून आला, तो दोनदा वाचून पलीकडच्या मोजणीच्या मशीनमध्ये सरकवला. मशीनने ओढून घेतला. मागे लाइन होती, पण कोणी घाई केली नाही.

निखिलरावांचा कॉल बुडाला. गाडीत तोंड पाडून त्यांनी विचारलं, "मग, कोणाला दिलं?"

मी सीटबेल्ट लावला. हे विचारायचं नसतं, एवढंही त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

मोहित्याने विचारलं नसतं. गेला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. त्याच्या हातून एकदाही मत पडलं नाही.