ठेवा की, मामा

मी साड्यांच्या दुकानात गादीवर बसतो. दुकान मालकांचं, मी नोकर. पंचविशीत तिथं बसायला लागलो आणि आता चाळिशीही मागं पडली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक वस्तू का घेतं हे मला थोडंफार कळलं आहे, आणि जे कळलं त्याचं मला बरं वाटत नाही.

लोक म्हणतात, रंग बघून घेतात, पोत बघून घेतात, किंमत बघून घेतात. तसं असतंही. पण बाई दुकानात येऊन उभी असते तोवरच ती मोकळी असते. एकदा बसली की तिने काही मागण्याआधी मी भराभर घड्या मोडायला लागतो. नको म्हणाली तरी मोडतो. पुढ्यात ढीग झाला की तिला त्याची लाज वाटू लागते, जणू तिनेच तो करायला लावला. तोवर चहा येतो. चहा अर्धा झाला की मी गाव विचारतो. जिल्ह्यातलं कुठलंही गाव सांगा, माझी आत्या तिथं दिलेली असते. खरं तर मला एकच आत्या होती आणि ती लग्नानंतरही इथंच, दोन गल्ल्या सोडून राहिली.

आत्या निघाली की गिऱ्हाईक उठत नाही.

दुकान सुटलं की मी किटली घेऊन दूधकट्ट्यावर जातो. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी आपल्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. वडील मला लहानपणी तिथंच न्यायचे. डोळ्यांसमोर निघालेल्या दुधात पाणी नसतं, एवढंच त्यांचं दूध घेण्याचं शास्त्र होतं. आमचा गवळी ठरलेला. आधी म्हातारा होता, आता त्याचा मुलगा आहे. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणतो. तो मला पावणं म्हणतो. इतक्या वर्षांनीही पावणंच, आणि त्यातच त्याची माया आहे. मी दिसलो की तो आधी फेसाचा पेला माझ्या हातात देतो आणि मग किटली भरतो.

दोन वर्षांपूर्वी मुलगा नोकरीला पुण्याला गेला. घरात आम्ही दोघंच उरलो. त्याच सुमारास डॉक्टरांनी माझं रक्त तपासून म्हशीचं दूध बंद करायला सांगितलं. बायकोने दुसऱ्याच दिवशी चहापुरती गाईच्या दुधाची पिशवी सुरू केली. मी किटली बंद करायला हवी होती. केली नाही. ते दूध घरात येतच राहिलं. त्याचं दही झालं, लोणी झालं, तूप झालं. तुपाच्या बरण्या फडताळात एकीमागे एक उभ्या राहिल्या. खाणारं कुणी नव्हतं.

बायको म्हणाली, "दुकानात बायकांना गुंडाळताय, आन् तुम्हाला एका म्हशीनं गुंडाळलंय."

मी हसण्यावारी नेलं. पण एकदा खरंच प्रयत्न केला. किटली घरी ठेवली आणि दुकानातून दुसऱ्या रस्त्याने आलो. चोरासारखा. दुसऱ्या दिवशी गेलो तर मामा रागावला नाही. त्याने माझा चेहरा नीट पाहिला आणि तब्येतीची चौकशी केली. आदल्या दिवशी तो माझी वाट बघत दूध धरून बसला होता, शेवटी घरी नेऊन विरजलं, असं सहज सांगितलं. मग पेला पुढं केला. डॉक्टरांनी नको म्हटलेलं ते दूध मी उभ्याउभ्या प्यालो. त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस दुकानात गारगोटीकडची एक बाई आली. भाचीच्या लग्नात नेसायला साडी हवी होती. तिला हिरवी हवी होती, पण तिच्या मनातला हिरवा आमच्याकडे नव्हता. दुसरीकडे बघून येते असं म्हणत ती पिशवी उचलून उठलीसुद्धा होती. मी गाव विचारलं. तिने सांगितलं. मी म्हणालो, "मग तर तुम्ही घरच्याच. माझी आत्या तिकडंच दिली आहे."

ती परत बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि मी दाखवलेली जांभळी साडी घेतली. बिल होईपर्यंत ती साडीकडे बघतही नव्हती, दाराबाहेर बघत होती. ती नजर माझ्या ओळखीची होती. कट्ट्यावर पेला तोंडाला लावताना मीही असाच रस्त्याकडे बघत असतो.

त्याच दिवशी संध्याकाळी मामाने धार काढता काढता विषय काढला. गुडघे बसू देत नाहीत, म्हणाला. गगनबावड्याकडचा एक माणूस म्हैस मागतो आहे, दामही बरा देतो आहे. पोरगं म्हणतं, विकून टाका आणि घरी बसा. पूर्वीची गिऱ्हाईकं पिशवीकडं गेली. रोजची म्हणावीत अशी आता त्याच्याकडं मी आणि तालमीतली दोन पोरं, आणि पोरांचा काही भरवसा नाही. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवूनच त्याने विचारलं,

"पावणं, तुमी घेणार असशीला तर ठेवतो. न्हाईतर इकतो. तुमी सांगा."

याहून सोपी संधी माणसाला मिळत नाही. मी 'विका' म्हटलं असतं तर त्याला बरे पैसे मिळाले असते, गुडघ्यांना आराम मिळाला असता आणि मीही सुटलो असतो. एक शब्द हवा होता. दुपारचीच ती बाई मला आठवत होती. आता तेच माझ्यावर चाललंय हे मला पुरतं कळत होतं, आणि तरीही माझं तोंड आपोआप उघडलं.

"ठेवा की, मामा. तुमच्या दुधाशिवाय आमच्या घरात चहा होत नाही."

दुसरं वाक्य तर कुणी मागितलंही नव्हतं. घरी चहा पिशवीच्या दुधाचा होत होता.

मामा हसला. "मग झालं तर," म्हणाला, आणि किटली नेहमीपेक्षा जास्त, अगदी काठोकाठ भरली.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली की आता हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही, दिवाळीत तो दारात येईल तेव्हा मीच सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. आपली कामं बायकोच्या तोंडून करून घेणारा मी काही पहिला नव्हे.

पाडव्याला आमच्याकडे गवळी म्हशी सजवून ओळखीच्या दारी नेतात. मामाची म्हैस आली तेव्हा तिची शिंगं रंगवलेली होती, कपाळावर मोरपिसं होती, गळ्यात कवड्यांची माळ होती. मामा लंगडत होता, पण कपडे परीटघडीचे होते. गल्लीतली माणसं जमली. बायको आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. मी तिच्या मागं उंबऱ्यातच थांबलो.

ती काही बोलायच्या आत मामाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"हिला इकणारच हुतो. दावं सोडायचं तेवढं राहिलतं. पर ह्या पावण्यांनी ठेवा म्हटलं, म्हणून ठेवली. आन् आता गाभण हाय. येली की पयला चीक ह्याच घरात."

शेजारच्या काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अशी माणसं आता कुठं राहिलीत, म्हणाले.

बायकोच्या हातातलं ताट तसंच होतं. तिने एकदा मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिने म्हशीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं आणि मामाला म्हणाली,

"चीक जरा जादा आणा. पोराला पाठवीन म्हणते."

मामा गेल्यावर मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती फडताळातल्या बरण्या सरकवून जागा करत होती. सांगणार होतीस ना, असं मी विचारलं नाही. तो हक्क मला उरला नव्हता. तीच पाठमोरी राहून म्हणाली, "त्याच्या तोंडाकडं बघून कसं सांगायचं हो?"

पुढं म्हैस आटेल तेव्हा काही महिने किटली रिकामी राहील. त्या दिवसांत एकदा मामाच्या गोठ्यावर जाऊन सगळं सांगून टाकायचं, असं मी मनाशी ठरवलं आहे. पण मला मी माहीत आहे. मी जाईन, मामा बसायला पालथ्या पिंपावर जागा करून देईल, चहा मागवेल आणि घरच्यांची चौकशी करील. चहा अर्धा होईपर्यंत मी म्हैस कधी व्यायची ते विचारलेलं असेल.