फ्रँक मुलगी

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती वाशीत, रसायनांच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात. मुलाखतीत सरांनी टायपिंगचं विचारलं आणि मग एकदम म्हणाले, "आर यू फ्रँक?"

मी मराठी शाळेतली. फ्रँक म्हणजे मनात एक आणि ओठांवर एक असं नसलेला माणूस, असं आमच्या इंग्रजीच्या बाईंनी शिकवलं होतं. मी ताठ बसून "येस सर" म्हटलं. घरी येऊन वडिलांना अभिमानाने सांगितलंसुद्धा, की साहेबांना खरं बोलणारी माणसं लागतात. गिरगावची खोली विकून आम्ही नुकतेच नेरूळला आलो होतो, वडिलांची निवृत्ती जवळ आली होती. ते म्हणाले, "असा मालक मिळायला नशीब लागतं."

सर पन्नाशीचे होते. केसांना कलप लावायचे आणि घाम आला की तो कानशिलावर उतरायचा. तोंडात सतत पानमसाला. बोलताना ओठांच्या कोपऱ्यात तांबूस फेस साठायचा, तो ते जिभेने आत ओढून घ्यायचे. पत्रं वाचून दाखवायला मला केबिनमध्ये बोलवायचे, पण समोर बसू द्यायचे नाहीत. त्यांच्या खुर्चीला लागून उभं राहायचं. मी वाचायचे आणि त्यांचा तो गोडूस, आंबलेला श्वास माझ्या दंडावर यायचा. मधेच पानमसाल्याची डबी पुढे करायचे. मी नको म्हटलं की हसायचे, "तू अजून माझ्याशी फ्रँक नाही झालीस."

मला खरंच कळेना. फोनवर बसणाऱ्या एक बाई होत्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. एकदा जेवताना त्यांना विचारलं, "ताई, सर सारखं असं का म्हणतात? मी कधी खोटं बोलले का त्यांच्याशी?"

ताईंनी चपातीचा घास हातातच धरला. "खऱ्या-खोट्याचा काय संबंध त्यात? फ्रँक म्हणजे हात लागला तर ओरडायचं नाही. कळलं?"

"आणि तुम्ही?"

"माझे केस पिकले. सुटले मी." त्यांनी तो घास डब्यात टाकून झाकण लावलं.

मी उठून बेसिनवर गेले आणि उगाचच हात धूत राहिले.

त्यानंतर तो शब्द जिकडेतिकडे ऐकू यायला लागला. आमच्या बिल्डिंगमधली एक कॉलेजला जाणारी मुलगी गेटवर मित्रांशी बोलत उभी राहायची. खालच्या काकू आईला म्हणाल्या, "फार फ्रँक आहे हो ती," आणि चिंच खाल्ल्यासारखं तोंड केलं. सरांना जे हवं होतं, तेच काकूंना नको होतं. शब्द मात्र एकच. दोघांच्याही तोंडून तो सारखाच बुळबुळीत वाटायचा.

एके दिवशी सर म्हणाले, बेलापूरला पार्टीकडे जायचंय, फाईल घेऊन चल. गाडीत मी पुढे बसले, कारण मागच्या सीटवर त्यांनी खोकी ठेवली होती. नेरूळच्या पुढे त्यांनी गाडी खाडीकडे वळवली. आज सीवूड्सला इमारती आहेत, तेव्हा तिथे भराव आणि चिखल होता. गाडी थांबवून त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. तळवा ओला होता, ड्रेसच्या कापडातून ओल लागली. "टेन्शन कसलं घेतेस? बी फ्रँक, यार."

मी दार उघडून उतरले. फाईल चिखलात पडली, ती तशीच टाकली. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला, जसं काही मी रस्त्यात आडवी आलेली गाय होते, आणि गाडी वळवून निघून गेले. रस्त्यापर्यंत चालत येताना मला उलटी झाली. घरी येऊन तो ड्रेस मी कचऱ्यात टाकला. आईने विचारलं तर म्हटलं, चिखलात पडले.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. ऑफिसात पूजा. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण सकाळी वाटलं, न जाणं म्हणजे गप्प बसणं. गेले. सर झब्बा घालून आले होते, सोबत त्यांची बायको, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. काल काही घडलंच नाही अशा आवाजात ते बायकोला म्हणाले, "ही आपल्याकडची नवीन. आता झालीय थोडी फ्रँक."

"हो, झालेय," मी म्हटलं. "काल तुमच्या मिस्टरांनी खाडीजवळ गाडी थांबवून माझ्या मांडीवर हात ठेवला. ओला हात होता. मला उलटी झाली."

सर हसायला गेले आणि पानमसाल्याची थुंकी झब्ब्यावर सांडली. बायकोने त्यांच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "तू गाडीत बसलीसच कशाला?" मग तिने पदराच्या टोकाने त्यांच्या झब्ब्यावरचा डाग पुसायला सुरुवात केली.

सरांच्या हाताची किळस मला ओळखीची झाली होती. त्या पुसण्याची किळस नवीन होती. ताई झेंडूची फुलं नीट लावत होत्या. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

वडिलांना त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. मीच नशीब वगैरे म्हणालो." मी म्हटलं, तुमचा काय संबंध. पण त्यांनी ते बोलून दाखवलं, याचं मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी वाशीच्या बसस्टॉपवर ताई भेटल्या. मी तुर्भ्याला दुसरीकडे लागले होते. त्यांनी माझा हात धरला. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं गं." मग हळूच म्हणाल्या, "नवीन मुलगी आलीय. आता तो 'फ्री' म्हणतो. फ्री हो ना माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी त्या ऑफिसच्या खाली उभी राहिले. घणसोली गावातली मुलगी होती, वेणी घट्ट, हातात डबा. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकलं.

"ठाव हाय मना, ताई," ती म्हणाली. "पन कुठं जाऊ?"

"माझ्या ऑफिसात टायपिस्ट पाहिजे आहे. बाई मालकीण आहे. आत्ता चल."

तिने वर ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. आम्ही बसस्टॉपकडे चालायला लागलो.